‘मर्यादेत आहे’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील दुर्बीण-खरेदीविषयीचा लेख काल वाचला आणि आज हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. लोलकांचे प्रकार, भिंगांवरचे लेप, वजन, हाताळणी यांविषयी लेखकाने जे सांगितले आहे त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती माहिती कष्टाने गोळा केलेली आहे हे जाणवते. परंतु शेवटच्या परिच्छेदात ‘दोन दुर्बिणींमध्ये निवड होत नसेल, तर जिची हमी अधिक वर्षांची ती घ्यावी’ असा सल्ला एका वाक्यात देऊन लेख संपवला आहे. नेमका हाच सल्ला मी अकरा वर्षांपूर्वी पाळला होता आणि त्यापायी गेली दोन वर्षे जो मनस्ताप सोसला, तो आपल्या वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

माझी दुर्बीण ८ x ४२ची (आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे), रूफ प्रिझमची, म्हणजे सरळ नळ्यांत लोलक बसवलेली, आत नायट्रोजन भरून बंद केलेली. तिच्या हमीपत्रावर ठळक अक्षरांत ‘आजीवन’ असे छापलेले होते. नऊ वर्षे तिने मला अतिशय चांगली साथ दिली. ती कधी पडली नाही, कधी पाण्यात बुडाली नाही, आणि वापरून झाल्यावर भिंगांवरची धूळ आधी फुंकणीने उडवल्याशिवाय मी त्यांना कापड लावले नाही. नंतर मात्र असे होऊ लागले की अर्धा तास पाणपक्षी पाहिले की कपाळ ठणकायचे. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डोळे तपासून घेतले. नंबर तोच होता. मग एका संध्याकाळी दूरच्या विजेच्या तारेवर बसलेला खंड्या पाहत असताना, क्षणभरच, मला दोन तारा दिसल्या.

ज्यांनी हे अनुभवलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या लेखात या दोषाचा उल्लेखही नाही. दुर्बिणीच्या दोन नळ्या एकाच दिशेला रोखलेल्या असाव्या लागतात. त्या किंचित जरी वेगळ्या दिशांना पाहू लागल्या तरी दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळतात आणि मेंदू ती ओढून एक करतो. आडव्या दिशेतला फरक डोळ्यांना बराचसा पेलतो, कारण जवळचे पाहताना ते आत वळतातच. पण एक डोळा वर आणि दुसरा खाली वळवण्याची सवय माणसाला नसते, त्यामुळे उभ्या दिशेतला अगदी लहानसा फरकही असह्य होतो. दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवून दूरच्या आडव्या तारेवर रोखावी आणि डोळे हळूहळू वीतभर मागे न्यावेत. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. रात्री एखाद्या ताऱ्यावर हीच परीक्षा आणखी नीट होते. नेत्रिकेवरचे, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावरचे, कडे फिरवून एका बाजूचा तारा मुद्दाम पसरट करावा, आणि डोळ्यांना जुळवून घ्यायला उसंत न देता पाहावे: दुसऱ्या बाजूचा टिंबाएवढा तारा त्या पसरट चकतीच्या मध्याजवळ दिसला पाहिजे. माझ्या दुर्बिणीत तो चकतीच्या पार बाहेर, वरच्या अंगाला दिसत होता. हे सारे मी कागदावर आकृती काढून, तारखेसह लिहून, दुर्बिणीसोबत कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवले. पाठवणीचा आणि विम्याचा खर्च माझा होता. त्याबद्दल मी कुरकुर केली नाही.

सहा आठवड्यांनी दुर्बीण जशीच्या तशी परत आली. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘तपासले. मर्यादेत आहे.’

संपादक महाशय, कोणती मर्यादा? किती अंशकला (अंशकला म्हणजे अंशाचा साठावा भाग)? आडव्या दिशेत की उभ्या? कोणत्या उपकरणावर मोजले, आणि मोजून आकडा काय आला? मी दूरध्वनी केला तेव्हा पलीकडच्या तरुण गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की त्यांनी स्वतः दुर्बीण डोळ्यांना लावून पाहिली आणि त्यांना सगळे व्यवस्थित दिसले. त्यांच्या नम्रतेबद्दल मला शंका नाही. पण तरुण डोळे दोन-चार मिनिटे असली चूक सहज झाकून नेतात, आणि म्हणूनच हे काम डोळ्यांनी न करता कॉलिमेटर या जुळवणी मोजण्याच्या उपकरणावर करायचे असते, ही गोष्ट दुर्बिणी विकणाऱ्या कंपनीला ग्राहकाने समजावून सांगावी लागावी याचे मला मनापासून दुःख झाले.

दुसऱ्यांदा पाठवली. या वेळी दोन महिने लागले आणि चिठ्ठीवर ‘जुळवणी केली’ असे लिहून आले. पहिल्या दिवशी मी आनंदलो, कारण तार खरोखरच एक दिसत होती. मग लक्षात आले की दुर्बीण खोक्यातून काढताना दोन नळ्यांना जोडणारी बिजागरी जितकी उघडी होती तितक्याच उघडीवर मी पाहत होतो. माझ्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर ५८ मिलिमीटरच्या आसपास आहे; त्या मापाला नळ्या जवळ आणताच तार पुन्हा दुभंगली. याचा अर्थ असा की दोन नळ्या एकमेकींशी एका ठरावीक अंतरापुरत्या जुळवल्या होत्या, बिजागरीच्या अक्षाशी नव्हे. दोन्ही नळ्या त्या अक्षाशी समांतर केल्या, तरच दुर्बीण कोणत्याही माणसाच्या कोणत्याही मापाला जुळलेली राहते. हे काम वेळखाऊ आहे, पुढच्या भिंगांची विकेंद्री कडी किंवा लोलकांचे स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवून पाहावे लागतात, हे मी जाणतो. पण ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो ती हीच.

आणि त्याहून वाईट पुढे घडले. दोन-तीन आठवड्यांनी एका थंड पहाटे दुर्बिणीची डावी नळी आतून धुरकटली. बाहेरच्या काचेवरचे बाष्प पुसून जाते. आतले पुसणार कसे? नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीत असे होत नाही, कारण आत कोरडा वायू असतो आणि रबरी कड्या बाहेरची दमट हवा आत येऊ देत नाहीत. नऊ वर्षांत जे एकदाही झाले नव्हते ते सेवा केंद्रातून आल्यावर झाले, तेव्हा नळी उघडल्यानंतर पुन्हा वायू भरलाच नाही किंवा कडी नीट बसवली नाही, यावाचून मला तरी दुसरा अर्थ लागत नाही. आत ओल राहिली की आज ना उद्या बुरशी धरते, आणि बुरशीने सोडलेले आम्ल आधी भिंगावरचा लेप व मग काचच खाऊ लागते. तो डाग नंतर कितीही साफ केला तरी जात नाही. म्हणजे मी डोकेदुखीची तक्रार घेऊन गेलो आणि दुर्बिणीचे आयुष्यच धोक्यात घालून परत आलो.

तिसऱ्या वेळी उत्तर लवकर आले. हे मॉडेल आता बंद झाले आहे, सुटे भाग उपलब्ध नाहीत, आणि ‘आजीवन’ म्हणजे ग्राहकाचे नव्हे तर उत्पादनाचे आयुष्य होय, असे मला कळवण्यात आले. त्याऐवजी सध्याच्या श्रेणीतली ‘समकक्ष’ दुर्बीण देऊ केली. तीही ८ x ४२च; पण जुन्या दुर्बिणीत डोळा नेत्रिकेपासून १८ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र मिळत असे, नव्या दुर्बिणीत हे अंतर १५ मिलिमीटर आहे. चष्मा न लावणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. मला चष्म्यासह पाहावे लागते, आणि माझ्या चष्म्यातून त्या नव्या दुर्बिणीच्या चित्राची कडा कापली जाते. मी नकार दिला आणि माझी दुर्बीण परत मागितली. ती आली, न दुरुस्त होता आली, आणि तिचे नेत्रिकांवरचे झाकण व गळपट्टाही परत आला नाही. त्या झाकणासाठी मी तीन पत्रे लिहिली आहेत. ते किरकोळ आहे हे मला समजते, पण दुसऱ्याची वस्तू सांभाळून परत करणे हा सेवेचा अगदी पहिला भाग आहे.

माझ्या वडिलांची पोरो प्रिझमची दुर्बीण पन्नास वर्षांहून जुनी आहे. इटालियन संशोधक पोरोने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि झाइस या जर्मन कंपनीने १८९४ पासून बाजारात आणलेल्या या रचनेत लोलक पट्टीखाली दाबून बसवलेले असतात आणि चार स्क्रू काढले की आत हात पोहोचतो. एका वृद्ध कारागिराने ती दोनदा उघडून साफ केली व जुळवली, आणि दोन्ही वेळा काय काढले, काय पुसले, कोणत्या बाजूचे कडे किती फिरवले हे आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिले. त्या दुर्बिणीला कोणतीही हमी उरलेली नाही. बंद नळीची आधुनिक दुर्बीण दुरुस्त करणे तिच्यापेक्षा कितीतरी अवघड आहे हे मान्य. पण म्हणूनच ती विकणाऱ्याची जबाबदारी वाढते.

हमीच्या वर्षांवरून वस्तूची पारख होत नाही, हे दाखवायला आणखी एक गोष्ट पुरेशी आहे. एकाच कंपनीच्या एकाच दुर्बिणीला एका देशात १० वर्षांची, तर दुसऱ्या देशात आजीवन हमी दिलेली आढळते. भिंगे तीच, स्क्रू तेच. हा आकडा कारखान्यात ठरत नाही, विक्री विभागात ठरतो. सगळ्याच कंपन्या शब्दांचा कीस काढतात असेही नाही. व्होर्टेक्स ही अमेरिकी कंपनी हमीसाठी पावती मागत नाही, मूळ खरेदीदारच हवा असाही आग्रह धरत नाही, आणि हरवणे, चोरी, मुद्दाम केलेली नासधूस व केवळ वरवरचे ओरखडे एवढ्याच गोष्टी वगळते. हे स्वच्छ लिहिलेले आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. मात्र तिथेही, दुरुस्ती शक्य नसेल तर त्याच तोडीची किंवा अधिक चांगली दुसरी दुर्बीण मिळते. पुष्कळांना तेवढे पुरेल. मला नको आहे. नऊ वर्षांत माझ्या बोटांना त्या फोकसच्या चाकाची, त्याच्या फिरण्याच्या दिशेची सवय झाली आहे, आणि झुडपातला वटवट्या दिसेपर्यंत हात आपोआप काम करतो. मला माझीच दुर्बीण नीट होऊन हवी आहे.

तेव्हा आपल्या लेखकाने वाचकांना हे विचारायला सांगायला हवे होते: दुरुस्ती नेमकी कुठे होते, मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे ठेवले जातात, जुळवणीनंतर मोजमापाचा कागद मिळतो का, आणि उघडलेल्या नळीत वायू पुन्हा भरला जातो का. विक्रेत्याला याची लेखी उत्तरे देता येत नसतील, तर हमीपत्रावर पन्नास वर्षे लिहिलेली असली तरी मी ती दुर्बीण घेणार नाही.

जाता जाता, त्याच लेखाच्या चौकटीत ‘८ x ४२’मधील ४२ हा आकडा दुर्बिणीचा ‘पल्ला’ म्हणून छापला आहे. तो पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास आहे. त्याला ८ने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो, सव्वापाच मिलिमीटर. नवखा वाचक ही चौकट कापून खिशात ठेवील आणि तीच घेऊन खरेदीला जाईल. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत ही चूक सुधारून छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक