आई-बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण आई फोन स्पीकरवर टाकते, तुम्ही दोघं एकदम बोलता आणि कुकरच्या शिट्टीवर विषय संपतो. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

दोन गोष्टी आहेत. दोन्ही ठरल्या आहेत, त्यामुळे "नीट विचार कर" म्हणू नका, तो करून झालाय. एक म्हणजे कंपनीतली नोकरी मी सोडली, या महिनाअखेर नोटीस पीरियड संपतो. दुसरी म्हणजे जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत असते, तिला नाव घातलंय. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन गावांच्या मधलं अंतर, साधारण नव्वद किलोमीटर. आई, आकडा बरोबर ऐकलास. बाबांना पाणी दे.

आधी नोकरीचं. मी घरी बसत नाहीये. पोस्टग्रेसचं, म्हणजे माहिती साठवून ठेवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचं, जे काम इतकी वर्षं शनिवार-रविवारी करत होते, तेच आता आठवड्यातले चार दिवस करायचे पैसे मिळणार आहेत. परदेशातल्या एका कंपनीशी वर्षाचा करार झालाय. पगारापेक्षा थोडे कमी, पण घराचा हप्ता आणि नातवाची फी आरामात निघेल इतके. तुमच्या जावयांनी सगळे आकडे माझ्यासमोर दोनदा मांडले आणि मग म्हणाले, "आता सोड एकदाची." हे त्यांचे शब्द, माझे नाहीत.

बाबांचा प्रश्न मला माहीत आहे: जे सॉफ्टवेअर फुकट वाटता, त्याचे पैसे कोण देतं? जे वापरतात, ते देतात. आई, तू ज्या इन्स्टाग्रामवर रांगोळ्या बघत बसतेस ना, ते पोस्टग्रेसवरच उभं राहिलं. १९८६ साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेलं हे काम, १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल हे नाव, आणि आजही त्याची मालकी एकाही कंपनीकडे नाही. दरवर्षी साधारण सप्टेंबरात नवी मोठी आवृत्ती येते, प्रत्येक आवृत्तीची डागडुजी पाच वर्षं करायची असते. ज्यांचा धंदा त्यावर चालतो ते माणसं पोसतात, कारण उद्या काही बिघडलं तर समजणारं कोणीतरी हवं. बाबा, तुम्ही वाचनालयाचा हिशेब वर्षानुवर्षं एक पैसा न घेता लिहिलात. आईने किती वेळा विचारलं, तुम्ही वही बाजूला ठेवली नाहीत. मला मात्र त्या वहीचे पैसे मिळतायत, मग काळजी कशाची?

आणि हे काम छोटं नाही हो. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका पोस्टग्रेसवाल्याला दिसलं की मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कोणी असता तर चहा प्यायला गेला असता. त्याने खोदत खोदत शोधलं, तर एक्सझेड नावाच्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला. ते सॉफ्टवेअर बरीच वर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, आणि मदतीला म्हणून आलेल्यानेच हा उद्योग केला. फावल्या वेळात, थकून केलेलं काम कुठे जाऊन पोचतं ते बघा. मी तेच करत होते.

टीम लीड झाल्यापासून माझा दिवस दुपारी सुरू व्हायचा आणि अमेरिका झोपायला तयार नसल्यामुळे रात्री अकराला संपायचा. त्यातही कोड किती वाचला? नाहीच. कोण कधी रजेवर, कोणाचं अप्रेझल, कोणाची कोणावर नाराजी. मग पहाटे साडेचारला उठून वेताळ टेकडी, आणि सुट्टीच्या दिवशी पॅच, म्हणजे इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल, तपासणं. तू म्हणायचीस, धावणं कमी कर. दादा म्हणायचा, फुकटचं काम कमी कर. नोकरी कमी कर, असं कोणालाच सुचलं नाही. खरं तर धावणं आणि ते काम यांचं आपसात कधी वाजलंच नाही. पॅच तपासणारीने सकाळी दहाला उत्तर दिलं की दुपारी चारला, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. जर्मनीतला माणूस संध्याकाळी वाचतो, जपानमधला दुसऱ्या दिवशी. वाजायचं ते रात्रीच्या मीटिंगांशी, आणि त्या माझी झोप खायच्या. आता साडेनऊला दिवा बंद. आई, तुला हवं होतं ते हेच ना?

एक गाठ मात्र आहे, ती लपवत नाही. पोस्टग्रेसमध्ये पुढच्या आवृत्तीसाठी नवं काही घ्यायची दारं एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात, त्यामुळे मार्च म्हणजे आमची वार्षिक परीक्षा. आणि जूनच्या शर्यतीसाठी सगळ्यात लांब पल्ले मार्च-एप्रिलमध्येच मारावे लागतात. म्हणून मार्चमध्ये मधल्या वारी फक्त तासभर धावायचं आणि आठवड्यातला एकच मोठा पल्ला ठेवायचा, असं आखलंय. आणि तो मोठा पल्ला एक आठवडा सोडून साताऱ्यात! समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि उतरून यायचं. कॉम्रेड्सलाही चढ-उतारच आहेत, त्यामुळे याहून चांगला रस्ता पुण्यात शोधूनही मिळायचा नाही. म्हणजे इतकी वर्षं दिवाळी-गणपतीला येणारी लेक आता महिन्यातून दोनदा येणार. हे आधी लिहायला हवं होतं बहुतेक, बाबांचं पाणी वाचलं असतं.

तर शर्यतीबद्दल. बारा तासांत पोचायचं असतं. चालत-धावत गेलं तरी चालतं, बरेच जण चढ चालूनच काढतात. आई, मी काही ललिता बाबर नाही. ती माण तालुक्यातली पोर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली, मी बाराव्या तासाच्या आत कशीबशी पोचणाऱ्या गर्दीतली. नाहीच जमलं तर वाटेत थांबवून बसमध्ये बसवतात आणि मुक्कामाला आणून सोडतात. रस्त्यात मीठ लावलेले उकडलेले बटाटे देतात म्हणे, म्हणजे तुझ्या उपवासाची सोय झाली समज. डर्बनमध्ये भारतीय वस्ती मोठी आहे, वरण-भाताला मुकणार नाही. जून म्हणजे तिकडे थंडी, ऊन लागायची भीती कमी. आणि एकटी जात नाहीये, पुण्या-साताऱ्याकडचे बरेच जण दरवर्षी जातात.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे तेच स्टेशन, जिथे ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं. मी तिथे जाऊन फोटो काढून आणणार आहे, तुमच्या नावाने. ही शर्यत १९२१ पासून चालू आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. बायकांना अधिकृत परवानगी १९७५ साली मिळाली. फ्रान्सिस हेवर्ड नावाची बाई त्याआधीच, १९२३ ला, नाव नाकारलं तरी धावून मोकळी झाली. आजीला ही बाई आवडली असती.

तब्येतीचं: टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, रक्त, सगळं झालंय, सगळं नॉर्मल. काकांचं झालं तेव्हापासून तुम्ही माझ्या धावण्याकडे कसं बघता ते मला कळतं, म्हणूनच दरवर्षी करते. फाइल जावयांकडे आहे, येताना घेऊन येते. गुडघ्यांसाठी आठवड्यातून दोनदा व्यायामही चालू आहे. आणि आई, "पाणी पी, पाणी पी" हे तुझं पालुपद इतक्या लांबच्या शर्यतीत चालत नाही. तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस आडवा होतो. तहान लागेल तेवढंच पिणार.

शाळेच्या शर्यतीच्या आदल्या रात्री तू माझे कॅनव्हासचे बूट ओल्या खडूने पांढरे करायचीस आणि खिडकीत वाळत ठेवायचीस. डाव्या बुटाला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यावर खडू जरा जास्तच. मी हरले तरी सगळ्यात पांढरे बूट माझेच असायचे. आता बुटांवर हजारो रुपये घालवते आणि ते पहिल्याच दिवशी चिखलात जातात.

आता विम्याचं, आणि हे नीट वाचा. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात, नोकरीबरोबर ते जाणार. घाबरू नका, त्याच विमा कंपनीकडे तुमची वैयक्तिक पॉलिसी करून घेतेय, त्यामुळे बाबांच्या बीपीसाठी आणि आईच्या साखरेसाठी थांबायचा जो काळ आधीच झालाय, तो मोजला जाईल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेव्हा "कशाला एवढा हप्ता" हे भांडण काढू नका. सोबत फॉर्म आहेत. पेन्सिलने खुणा केल्यात, तिथेच सह्या करायच्या. जुने आजार विचारलेत तिथे सगळं खरं लिहा, बाबा. "एवढंसं काय लिहायचं" म्हणून काही गाळू नका.

आणि गुडघा दुखला की शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून ती दुखण्याची गोळी घेता ना, ती बंद. लांब धावणाऱ्यांनाही ती घेऊ नका म्हणून बजावतात, किडनीवर येते. तुम्ही तर बीपीची गोळीही घेता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. पंखे पुसायला स्टुलावर चढायचं नाही, त्या बाईंना मी पैसे पाठवलेत. बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला मिस्त्री शनिवारी येईल, त्याला "नको, आम्ही अजून धडधाकट आहोत" म्हणून परत पाठवू नका. धडधाकट आहात, म्हणूनच आत्ता बसवायचा.

संक्रांतीला मात्र येता येणार नाही. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, कॉम्रेड्ससाठी तिथे ठरलेल्या वेळेत पोचणं गरजेचं आहे, आणि सणाचं खाऊन पेडर रोडचा चढ चढायची माझी हिंमत नाही. आई, मनाला लावून घेऊ नकोस, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्याआधी एक शनिवार-रविवार येते. बायका बोलाव, वाणाचं मी पुण्याहून घेऊन येईन. स्टीलच्या वाट्या नकोत हं या वेळी.

मार्चमध्ये येईन तेव्हा पहाटे साडेतीनला निघेन. तू उठून पोहे करायचे नाहीत. केळं खाऊन जाईन, किल्ली माझ्याकडे आहे. बाबा, तुम्ही स्कूटर घेऊन मागे मागे यायचं नाही. फार वाटलं तर सात वाजता समर्थ मंदिरापाशी थांबा, सोबत थर्मासमध्ये चहा, साखर नेहमीपेक्षा जास्त.

फॉर्मवरच्या सह्या निळ्या शाईने. दुसऱ्या पानाची मागची बाजूही बघा.

तुमची
बाळी