चांदणी तलावातल्या इमारतीला सिमेंट लावू नका

संपादक महोदय,

२०२४ च्या जूनमध्ये सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. तेव्हापासून बाहेरची माणसं फक्त १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीलाच इकडे फिरकतात असं राहिलं नाही. राजवाडा झाला, पुतळा बारव ही पायऱ्यांची विहीर झाली, की मंडळी चांदणी तलावाकडे वळतात. तलावाच्या मधोमध ती तीन मजली इमारत. तरुण पोरं काठावरून फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘ही वाचवली पाहिजे.’

वाचून बरं वाटतं, आणि धास्तीही वाटते. चाळीस वर्षं थापी धरलेला मी माणूस. ‘वाचवायचं’ ठरलं की पहिल्यांदा काय येऊन पडतं ते मला ठाऊक आहे : सिमेंटच्या गोण्या.

हे पाप मीही केलेलं आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावातल्या जुन्या बारवेच्या कमानीच्या सांधी मी सिमेंटने भरल्या, वरून गुळगुळीत गिलावा केला. गावाने नारळ देऊन सत्कार केला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याचा एक पोपडा सुटला. सिमेंट शाबूत, आतली वीट मात्र भुकटी. वडील तेव्हा होते. त्यांनी विटेवर अंगठा दाबला, लाल पूड माझ्या तळहातावर ओतली आणि काही न बोलता घरी गेले.

जुनं बांधकाम ओल धरतं आणि चुन्याच्या सांधींतून ती सोडूनही देतं. सिमेंटने ती वाट बुजते. ओल आत कोंडते, खार धरतो, आणि तो खारच वीट-दगड फोडतो. जिचे पाय पाण्यात आहेत त्या इमारतीचं मग काय होईल?

वडील कळीचा चुना हौदात महिना-महिना भिजवायचे. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून चुन्याच्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचे, चाक ओढत बैल दिवसभर फिरायचे. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, सगळं अंदाजाने. चिमटीत चोळून खर लागली नाही, की बैल सोडायचे. असा चुना हवा खात हळूहळू घट्ट होतो. त्याला ओली पोती लागतात, सावली लागते. मार्चअखेरीस बिल निघायला हवं म्हणून उन्हात उरकलेलं काम फुटणारच.

आणखी एक. भिंतीत पिंपळ असेल तर वरून छाटून फोटो काढू नका. मुळी राहिली की तो दुप्पट जोराने येतो.

तेव्हा काम कोणत्याही खात्याकडे असो, निविदा निघण्याआधी तिच्यात ‘चुना’ हा शब्द आहे का, एवढं या फोटोवाल्या पोरांनी विचारावं. चुन्याचं काम येणारे दोन-चार म्हातारे तालुक्यात अजून आहेत. त्यांच्या हाताखाली पोरं द्या.

वडिलांच्या घाणीचं दगडी चाक माझ्या अंगणात पडून आहे, नातू त्यावर बसून अभ्यास करतो. कामाला लागलं तर फुकट देईन. फक्त ट्रॅक्टर पाठवा आणि सोबत सहा माणसं. चौघांना ते हलत नाही.

– एक जुना गवंडी, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा