गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

महोदय,

पावसाळा संपला की कोकणपट्टीत गाड्यांच्या दरवाजांची खालची कड आणि मडगार्डच्या कमानी गंजून भोकं पडलेली दिसतात. पुष्कळदा त्यात जाळी कोंबून वरून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली जाते आणि रंग मारला जातो. लांबी ओल शोषते, आतला गंज चालूच राहतो. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात, ढलपा हातात येतो आणि भोक आधीपेक्षा मोठं झालेलं असतं.

गंजलेला भाग चकचकीत, घट्ट पत्रा लागेपर्यंत कापून काढायलाच हवा. ०.८ मिमीच्या पत्र्याचं ठिगळ, कोपरे गोल करून, नेमक्या मापाचं बसवावं. आधी बॅटरीची वायर काढावी आणि आतलं अस्तरही, नाहीतर ते पेट घेतं. सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून) २५-३० मिमी अंतरावर टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारावेत, एकदा या टोकाला, एकदा त्या. सलग रेघ ओढली की उष्णतेने पत्रा वाकतो. गॅस वेल्डिंगने तर हमखास. वेल्डिंग घासल्यावर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला हात), मग लांबीचा थर फार तर २-३ मिमी जाड.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती आतली बाजू. तिथे जोडावर सीलर (सांध्यात पाणी शिरू न देणारा लेप) आणि पोकळीत मेणाचा फवारा हवाच. दरवाजाच्या तळाची पाणी निघण्याची भोकं मात्र मोकळी ठेवावीत. ती बुजल्यानेच तर पत्रा सडतो.

रंग मारण्याआधी उघड्या वेल्डिंगचा फोटो ग्राहकाने जरूर मागावा.

— एक डेंटिंग कारागीर, रत्नागिरी