तुझ्या रागाचे वाटे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तापटपणा जन्मजात आहे की संगोपनातून आलेला, असे तू विचारले आहेस आणि वर्गात मिळालेले ‘निम्मे-निम्मे’ हे उत्तरही कळवले आहेस. जुळ्यांवरील पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मानवी गुणवैशिष्ट्यांच्या आनुवंशिकतेची, म्हणजे फरकांपैकी जनुकांमुळे पडणाऱ्या हिश्श्याची, सरासरी ४९ टक्के निघाली. आकडा खरा आहे, पण तो लोकसमूहात माणसामाणसांत जे फरक दिसतात त्यांच्याविषयी आहे. एकट्या तुझ्या रागाचे दोन वाटे करून त्यातला एक आमच्या नावावर टाकण्याची सोय त्यात नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ मध्ये निसर्ग आणि संगोपन ही जोडी रूढ केल्यापासून दोन्ही टोके गाठून झाली आहेत. मानसशास्त्रज्ञांपैकी विल्यम जेम्स यांच्या मते माणसाला इतर प्राण्यांहून अधिक सहजप्रवृत्ती असतात; जॉन वॉटसन यांच्या मते कोणतेही निरोगी मूल हवे तसे घडवता येते. (आपण पुराव्यापलीकडे जात आहोत, हे वॉटसन यांनी तिथेच मान्य केले होते, त्यांचे वाक्य उद्धृत करणारे तेवढे गाळतात.)

या वादापेक्षा मला मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८० च्या दशकातले प्रयोग अधिक बोलके वाटतात. प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडे सापाला भीत नव्हती, परंतु दुसरे माकड सापाला घाबरताना पाहिले की तीही लवकरच घाबरू लागत. मग तेच माकड फुलांना घाबरते आहे असे भासावे म्हणून चित्रफीत जुळवून दाखवली, तेव्हा मात्र फुलांची भीती त्यांना बसली नाही. म्हणजे भीती उपजत नव्हती. उपजत होती ती अमुकच भीती चटकन शिकण्याची तयारी, आणि ती तयारी अनुभवावाचून तशीच पडून राहिली असती.

उलट, फेनिलकिटोन्युरिया हा आजार जनुकीय असूनही जन्मानंतर लगेच निदान करून आहारातले फेनिलअ‍ॅलानिन (प्रथिनांतला एक घटक) मर्यादित ठेवले, तर मेंदूची गंभीर हानी टळते. जन्मजात ते अटळच, असे समजण्याचे कारण नाही.

चटकन भडकणारी मज्जासंस्था तू आमच्याकडून घेतली असशीलही; पण भडकल्यावर आवाज चढवायचा, अबोला धरायचा की दार आपटायचे, हे कोणाला तरी पाहून शिकले जाते. या बाबतीत घरात संशयित दोनच आहेत आणि तुझ्या आईने स्वतःला आधीच निर्दोष ठरवले आहे.

तुझे,
बाबा