तालमीला पैसे देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

भेदभावावरच्या नाटकाच्या प्रयोगाला मदत करणारे पुष्कळ भेटतात. प्रयोग दिसतो, त्याचे फोटो निघतात, मागे फलक लावता येतो. तालमीला पैसे देणारं माणूस मात्र आमच्या मुलांना तुमच्या रूपाने पहिल्यांदाच भेटलं. हॉलचं भाडं, मुलांचा जाण्यायेण्याचा खर्च, ढोलकी, डफ, सगळं महिनोनमहिने तुम्ही पाहिलंत आणि ‘प्रयोग कधी?’ असं एकदाही विचारलं नाहीत. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अशीही मदत करता येते हे इतरांना कळायला हवं.

त्या वेळात काय झालं ते सांगते. खोली भाड्याने मागायला आलेल्या मुलाला घरमालक आधी आडनाव विचारतो, मग ‘मूळचे कुठले?’, आणि मग खोली ‘कालच गेलेली’ असते, असा एक प्रवेश होता. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरच्या पद्धतीने आम्ही तो बसवत होतो. प्रवेश एकदा त्याच्या वाईट शेवटापर्यंत जाऊ द्यायचा, मग पुन्हा सुरू करायचा. या वेळी बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून त्यात शिरायचं. सुरुवातीला मुलांनी जोरदार भाषणं ठोकली. घरमालक झालेल्या मुलीने सरळ दार लावून घेतलं. कुणी गयावया केली, कुणी आडनाव बदलून सांगितलं. बदललेल्या आडनावाला खोली मिळाली तेव्हा आधी सगळे हसले, मग असे भांडले की त्या दिवशी तालीम पुढे सरकलीच नाही. नंतर केव्हातरी एक अबोल मुलगा उठला आणि आतापर्यंत नुसत्या उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या जागी गेला. ‘काका, खोली रिकामी आहे असं सकाळीच म्हणालात ना मला?’ एवढंच बोलला. घरमालकाकडे उत्तर नव्हतं. प्रयोगाची घाई असती तर आम्ही पहिल्या भाषणावरच समाधान मानलं असतं, हे मी अनुभवाने सांगते.

गोऱ्या मुलीलाच नायिका का, हा प्रश्नही भूमिका वाटतानाच निघाला. मग मुलं वाचायला लागली. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये जातीच्या जोडीला वंश आणि जन्मस्थानही आहे, हे त्यांनी एकमेकांना वाचून दाखवलं. ईशान्येकडच्या लोकांना महानगरांत जे सोसावं लागतं त्यासाठी २०१४ मध्ये केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली होती, हे कळल्यावर ‘मूळचे कुठले?’ या वाक्याचा सूर त्यांनी स्वतःच बदलला. तो आता फार गोड आहे, आणि म्हणून जास्त लागतो.

ढोलकी आल्यावर तर आपल्याच परंपरेची वाट सापडली. सत्यशोधक समाज १८७३ चा; पुढे त्याच्या विचारांचे जलसे, म्हणजे गाणी आणि संवादांतून लोकांना जागं करणारे खेळ, गावोगाव झाले, आणि भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गण, बतावणी, सवालजवाब हे सगळं हाताशी असताना आमची मुलं इतके दिवस फक्त घोषणा देत होती! बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ शहराचे नगरसेवक होते आणि लोकांसोबत केलेल्या नाटकांतून तिथे १३ कायदे झाले, हे मी सांगितलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, ‘मग आपला जलसा नगरसेवकांना दाखवायचा का?’ त्यावर सध्या काम चालू आहे.

ताई, मुलांची एक मागणी आहे. तुम्ही नेहमी मागे बसता आणि काही न बोलता जाता. घरमालकाचा प्रवेश अजून त्यांच्या मनासारखा झालेला नाही. पुढच्या तालमीला याल तेव्हा तुम्ही ‘थांबा’ म्हणून त्यात शिरावं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. शेजाऱ्याची नाही, घरमालकाच्या आईची भूमिका तुमच्यासाठी ठेवली आहे.

आपली,
मुलांची तालीम घेणारी ताई