मेहेर माफ करून घेताना मर्जी कुणाची?

संपादक महोदय,

मुस्लिम स्त्रीवादावरचा कालचा लेख वाचला. लेखक अभ्यासू आहेत, भाषाही सभ्य. पण कुराणात बाईचे हक्क शोधणे हे परदेशी विद्यापीठांतले खूळ आहे, हे त्यांचे म्हणणे वाचून रात्री झोप लागली नाही.

माझे मेहुणे वारले तेव्हा मी कुर्ल्याला आपाच्याच, म्हणजे थोरल्या बहिणीच्याच, घरी होते. जनाजा उचलण्याआधी घरातल्या दोघा वडीलधाऱ्यांनी तिला मय्यतीजवळ आणले. मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम. ते म्हणाले, "मेहेर माफ केला म्हण, त्यांच्यावर बोजा नको." रडून तिचा आवाज बसला होता. तिने मान हलवली, तर म्हणे तोंडाने बोल. ती बोलली. मेहेर ५,००१ रुपये होता. लग्नाच्या २२ वर्षांत त्यातला एक पैसा तिच्या हातात पडला नव्हता. मी बाजूला उभी होते, आणि गप्प राहिले. ते अजून सलते.

महिन्याभराने कुराणाचा मराठी तरजुमा उघडला. सूरह निसाची चौथी आयत: बायकांना त्यांचा मेहेर खुशीने द्या, त्यांनी आपल्या मर्जीने काही सोडले, तरच ते घ्या. मय्यतीपाशी उभ्या केलेल्या बाईची कसली मर्जी? न दिलेला मेहेर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज आहे आणि वारसांच्या वाटण्यांआधी ते फेडायचे असते, हे तर शरीयतच सांगते. हे कळायला मला कुराणातले स्त्रीहक्क मांडणाऱ्या अमेरिकेतल्या अभ्यासक अमीना वदूद लागल्या नाहीत. त्यांचे नाव पुष्कळ नंतर कानावर आले, आणि धीर आला एवढे खरे.

मुंबईला तर यात नवे काहीच नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन निघाल्या होत्या. दलवाईंची वाट धर्माबाहेरून जाणारी, माझी कुराणातून. तरी त्या सातजणींचे ऋण मी मानते. विचारवंत असगर अली इंजिनिअर यांनी याच शहरात राहून कुराणातल्या स्त्रीहक्कांवर लिहिले. नवा होता तो हाजी अलीच्या मजारीपाशी बायकांना केलेला मज्जाव. तो उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी उठवला.

आणखी एक. लेखासोबत पुन्हा तोच फोटो, काळा बुरखा आणि नुसते डोळे. आम्ही कोकणातले, आमच्या घरात तीन पिढ्या बायका साडीच नेसतात. पुढच्या वेळी आमच्यातली एखादी बाई चेहऱ्यासकट छापा.

— एक निवृत्त शिक्षिका, कुर्ला, मुंबई