चिंगीला सांभाळणारा माणूस शोधून दिलात, काकू

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना बंद झाला आणि माझ्या कुत्रीला, चिंगीला, फिरवायला मी घाईघाईत एक मुलगा ठरवला. त्याला दुपारची वेळ सोयीची होती, मी हो म्हटलं. वेळेवर यायचा, रोज फोटो पाठवायचा. पण एरवी साखळी वाजली की दारापर्यंत नाचत जाणारी चिंगी चौथ्या दिवशी त्याच आवाजाने पलंगाखाली जाऊन बसली. मी म्हणत होते, होईल सवय. तुम्ही मात्र जमिनीवर बसलात, तिचा पंजा हातात घेतलात आणि मला दाखवलात. तळव्याच्या गाद्या लाललाल, एका ठिकाणी सोलवटलेल्या. फोटोत फक्त तिचं तोंड दिसायचं हो! ‘हाताची मागची बाजू सात सेकंद दुपारच्या तापलेल्या डांबरावर ठेवून बघ. तुला सोसत नसेल तर तिलाही नाही,’ असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

नंतर या कामासाठी भेटायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही एकच प्रश्न विचारलात: ‘कुत्री हातातून सुटली तर काय कराल?’ एकजण म्हणाला, माझ्या हातून कधी सुटतच नाही. त्याला तुम्ही तिथेच नको म्हणालात, तेव्हा मला ते जरा कडक वाटलं होतं. शेवटी आपण ज्यांना ठरवलं, त्या दादांनी थोडा विचार करून सांगितलं, ‘मागे धावणार नाही, धावलं की ती आणखी लांब पळेल. खाली बसून हाक मारीन, आणि तुम्हाला लगेच फोन करीन.’ बोलताना ते तिच्याकडे बघतही नव्हते. अंग तिरकं करून बसले होते, डोक्यावर हात नेला नाही. चिंगी आपणहून जाऊन त्यांचा हात हुंगून आली. मग त्यांनी पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते पाहिलं आणि लसीचं कार्ड मागितलं. आधीच्याने यातलं काहीच केलं नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

पहिल्या तीन फेऱ्यांना तुम्ही स्वतः सोबत गेलात. तुमचेही गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे.

आता दादा रोज शी-शू नीट झाली का ते सांगतात. परवा म्हणाले, ‘मागचा उजवा पाय जरा उचलून टाकत होती.’ बघितलं तर बोटांच्या मध्ये बारीकसा काटा. तुम्ही लिहून दिलेला प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर अजून दारामागेच चिकटवलेला आहे.

काल ते जिन्यात असतानाच चिंगी दाराशी जाऊन उभी राहिली, शेपूट हलवत.

पुढच्या आठवड्यापासून मला जिना उतरायची परवानगी आहे. सकाळची फेरी दादांकडेच ठेवणार आहे, संध्याकाळची मी करीन. पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर याल ना?

तुमची,
खालच्या मजल्यावरची चिंगीची आई